इंद्याच्या पायाचा फोटो

आमच्या कोल्हापुरात एक्स-रेला कुणी एक्स-रे म्हणत नाही. ‘फोटो काढायचाय’ म्हणतात. त्यामुळं हाडांच्या दवाखान्यात एकतीस वर्षं नोकरी करून मी तंत्रज्ञ वगैरे काही झालो नाही, ‘फोटोमामा’ झालो. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी भाजी घेताना कुणीतरी पँट वर करून गुडघा दाखवतंच. “मामा, निस्तं बघून सांगा की.” निस्तं बघून सांगता आलं असतं तर सरकारनं मला शिशाचा एप्रन कशाला घालायला लावला असता?

एकदा कुरुंदवाडची एक आजी कमरेच्या फोटोसाठी आली. नवंकोरं लुगडं, नाकात नथ, केसांत फूल. मी म्हटलं, “आजी, कमरेचा फोटो आहे.” तर म्हणाली, “मग काय झालं? फोटो त्यो फोटोच की.” नथ राहू दिली. फोटो तयार झाल्यावर ती बराच वेळ उजेडासमोर धरून बघत राहिली आणि म्हणाली, “ह्यात मी कुठं हाय?” मी म्हटलं, “ह्या आतल्या तुम्ही.” ती मान हलवत म्हणाली, “आतली मी अशी न्हाय, बाबा.” त्या वाक्याचं मला त्या वेळी हसू आलं होतं.

कामाचं थोडं सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. पूर्वी फिल्म असायची, अंधाऱ्या खोलीत धुवायची. नंतर कॅसेट आली. कॅसेट म्हणजे पाटीएवढा चपटा डबा, आत एक पत्रा. पेशंटच्या पायाखाली डबा ठेवायचा, “हलू नका” म्हणायचं, बटण दाबायचं. मग डबा मशीनमध्ये सरकवला की पत्र्यावरचं चित्र पडद्यावर येतं, आणि झगझगीत उजेड पाडून मशीन तो पत्रा पुसतं, पुढच्या पेशंटसाठी. पाटी पुसावी तसंच. कधी पत्रा नीट पुसला गेला नाही, तर आदल्या पेशंटची फिकी सावली पुढच्याच्या फोटोत उतरते. एका बाईच्या मनगटात कुणाच्या तरी घोट्याची सावली मी पाहिलेली आहे. घाबरण्यासारखं त्यात काही नसतं. दुसऱ्या कॅसेटवर परत फोटो काढायचा, संपलं.

मी वर्षानुवर्षं असंच म्हणत आलो. आता ठामपणे म्हणत नाही, आणि ते का, हे लिहायला बसलोय.

बाहेरच्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. कोल्हापुरात फुटबॉल हा खेळ नाही, भाऊबंदकी आहे. प्रत्येक पेठेची तालीम, प्रत्येक तालमीचा संघ. मॅचच्या दिवशी दुकानं अर्धी बंद. मी ज्यांच्याबद्दल लिहितोय ते संघ आजही खेळतात, म्हणून नावं बदलतो. आमची चिंचगल्ली, आणि समोरची हौदगल्ली.

चिंचगल्लीकडं दोन पोरं होती. इंद्रजित, म्हणजे इंद्या, मधून खेळायचा. सगळा खेळ त्याच्या पायातून निघायचा. आणि समीर मुजावर, डाव्या बाजूनं पळणारा. दोघं एकाच शाळेत, एकाच बाकावरचे. इंद्या डावीकडं बघायचासुद्धा नाही. पायाच्या आतल्या बाजूनं बॉल मोकळ्या जागेत ढकलायचा, आणि मोकळी जागा म्हणता म्हणता तिथं समीर असायचा. हौदगल्लीवाले शिव्या घालत म्हणायचे, ह्या दोघांना एकच डोकं हाय.

जयसिंगपूरला एक मॅच खेळून दोघं मोटरसायकलवरून परत येत होते. गाडी इंद्या चालवत होता. रस्त्यात कुत्रं आडवं आलं. इंद्याला खरचटलंसुद्धा नाही. समीरच्या डाव्या नडगीचे दोन तुकडे झाले.

आमच्याच दवाखान्यात आणलं. फोटो मीच काढला. पोरगं वेदनेनं पांढरं पडलेलं, पण तोंड चालूच.

“मामा, माझं असू दे. आदी इंद्याचा फोटो काढा. त्येला काय लागलंय का बघा.”

“त्याला काही झालेलं नाही. तू हलू नको.”

“न्हाय, त्यो सांगणार न्हाय. त्यो असाच हाय,” असं म्हणून तो दाराकडं वळला आणि मी नेमकं तेव्हाच बटण दाबलं. फोटो हलला. हाडाच्या कडा दुहेरी आल्या, मोडलेल्या जागी एक तिकोनी कपची आणि तिचीही जुळी सावली. तो फोटो मी पुसून टाकला, दुसरा काढला, डॉक्टरांना दिला. ऑपरेशन सकाळी ठरलं.

मोठं हाड मोडलं की क्वचित त्यातली चरबी रक्तात उतरते आणि फुप्फुसात जाऊन बसते. कुणाच्या हातात काही नसतं. समीर सकाळ व्हायच्या आतच गेला. बाहेर बाकावर बसलेल्या इंद्याला कुणीतरी जाऊन सांगितलं. तो उठला नाही की रडला नाही. मला बघून एवढंच विचारलं, “काय म्हणाला काय त्यो?”

मी म्हटलं, “काही नाही.”

पुढच्या हंगामात इंद्या उतरला. पहिल्या काही मॅच बऱ्या गेल्या. मग हळूहळू तो डाव्या पायानं लंगडायला लागला. आणि त्याहून वाईट म्हणजे बॉल डावीकडं ढकलायला लागला, जिथं कुणी नसायचं. डाव्या बाजूला नवा पोरगा होता, पण तो मागं असायचा, आणि इंद्याचा पास त्याच्या दहा पावलं पुढं जायचा. बरोब्बर तिथं, जिथं समीर असता. बॉल रेषेबाहेर जायचा. पब्लिक शिव्या द्यायचं. एका मॅचला इंद्यानं त्या नव्या पोराची कॉलर धरली. “तू त्येच्या वाटेत का येतोयस?” म्हणाला. हाफ टाइमला शर्ट काढून घरी निघून गेला.

ह्याच सुमाराला नोंदणीचे दिवस आले. त्या दिवसांत खेळाडू संघ बदलू शकतो, आणि संघही आपसांत अदलाबदल करतात. हौदगल्लीनं निरोप पाठवला, इंद्या आम्हाला द्या, आमचा गोलकीपर आणि स्टॉपर, म्हणजे मधला बचाववाला, घ्या.

आमच्या तालमीचे अध्यक्ष अण्णा. लाकडाची वखार चालवतात, बोलणंही करवतीसारखं. एका रविवारी दुपारी ते इंद्याला घेऊन दवाखान्यात आले. सुट्टी होती. मी कुलूप काढलं.

“मामा, ह्येच्या पायात काय हाय ते बघा. पाय गेला आसंल तर तसं सांगा, डोकं गेलं आसंल तर तसं सांगा. संध्याकाळी मिटिंग हाय.”

अण्णा बाहेर बसले. इंद्या टेबलावर आडवा झाला. मी डाव्या पायाखाली कॅसेट सरकवली, कडेला डाव्या बाजूचं शिशाचं अक्षर ठेवलं.

“दुखतंय कुठं?”

त्यानं नडगीवर बोट ठेवलं. खालच्या बाजूला, घोट्याच्या चार बोटं वर. समीरची मोड नेमकी तिथंच होती. मी बटण दाबलं.

पडद्यावर चित्र आलं. इंद्याचं हाड अखंड होतं, पांढरं, जाड. आणि त्याच्या आत, पाण्याखाली काहीतरी दिसावं तसं, दुसरं हाड होतं. तिरकं मोडलेलं. दुहेरी कडांचं. तिकोनी कपची, आणि तिची जुळी सावली.

मी खुर्चीवर बसलो. पहिला विचार धंद्याचाच आला. पत्रा नीट पुसला गेलेला नाही. पण समीरला जाऊन वर्ष उलटलं होतं. तो पत्रा मधल्या काळात रोज वापरात होता, रोज पुसला जात होता. दुसरा विचार आला की मी मनानंच जुळवतोय. म्हणून चष्मा पुसून पुन्हा बघितलं. चेहरा ओळखावा तसं मी मोडलेलं हाड ओळखतो. दोन माणसांची मोड एकसारखी कधी नसते. आणि तो हललेला फोटो जगात कुठंच नव्हता, तो मी माझ्या हातानं पुसला होता.

दुसरी कॅसेट घेतली. परत फोटो काढला. स्वच्छ. एक हाड, धडधाकट.

“काय हाय मामा?” इंद्यानं टेबलावरूनच विचारलं. त्याला पडदा दिसत नव्हता.

“काही नाही. हाड चांगलं आहे.”

तो उठून बसला आणि मोजे चढवत शांतपणे बोलला. “मला म्हाइत हाय हाड चांगलं हाय. मामा, त्यो डावीकडनं पळतोय. मी ठरवतोय, आज द्यायचा न्हाय, आज सरळ खेळायचं. पण त्येची हाक आली की पाय आपसूक बॉल देतोय. आन् दिला की दुखतंय. त्यो त्या पायावर पळतोय न्हवं का.”

मी त्याला तो पहिला फोटो दाखवायला हवा होता. तू एकटा नाहीस, मलाही दिसलंय, एवढं तरी म्हणायला हवं होतं. मी पहिला फोटो पुसला, दुसरा पाकिटात घातला आणि दार उघडलं.

संध्याकाळी तालमीच्या माडीवर पंचवीस-तीस माणसं जमली. अर्धे म्हणत होते, इंद्याला सोडला तर आपल्यात राहिलं काय? मनाला लागलेलं माणूस हाय, दम धरा. अर्धे म्हणत होते, पोरं त्येला घाबरत्यात, एका माणसापायी अकरा जण बिघडायचं? तावातावानं बोलणं चाललं होतं. शेवटी अण्णांनी माझ्याकडं बघितलं.

“मामा, तुम्ही सांगा.”

मी पाकीट पुढं केलं. “हाडात काही दोष नाही.”

“म्हंजे डोक्यात हाय,” अण्णा म्हणाले.

मी गप्प बसलो. माझं काम हाडापुरतं, असं मनाशी म्हणालो. त्या गप्प बसण्यावर निर्णय झाला. जिन्यात इंद्या उभा होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. दुसऱ्याच दिवशी त्यानं हौदगल्लीच्या कागदावर सही केली. आणि ज्यांनी त्याला देऊन टाकला, त्यांनीच भिंतीवर ‘गद्दार’ म्हणून लिहिलं. कोल्हापूर हाय ते.

गंमत बघा, हौदगल्लीत इंद्याचं लंगडणं थांबलं. डावीकडचे पास थांबले. तो पूर्वीसारखा खेळायला लागला, फक्त हसायचा नाही. लोक म्हणाले, जागा बदलली, बाधा गेली. मलाही हलकं वाटलं. अण्णा मात्र वैतागलेले. आमच्याकडं डाव्या बाजूला कुणी टिकेना. त्या हंगामात तिघांना उभं केलं, तिघांनीही जागा बदलून मागितली. कारण सांगता येईना. त्यातल्या एकाला मी खोदून विचारलं, तर मान खाली घालून म्हणाला, “तिथं अडचण हुतीया, मामा.”

“कसली अडचण? अख्खं मैदान मोकळं असतं.”

“न्हाय वो. दाटी वाटतीया.”

मग चिंचगल्ली आणि हौदगल्लीची मॅच आली. स्टेडियम फुल्ल. मी अण्णांच्या शेजारी बसलो होतो. इंद्या पहिल्यांदाच आपल्या पेठेविरुद्ध खेळत होता. आमच्या पब्लिकनं त्याला शिव्यांनी न्हाऊ घातलं. उत्तरार्धापर्यंत शून्य-शून्य. मग मैदानाच्या मध्यावर त्याला बॉल मिळाला. तो थांबला. आजवर कधी केलं नव्हतं ते त्यानं केलं. मान वळवून डावीकडं बघितलं.

तिकडं कुणी नव्हतं. हौदगल्लीचा डावा खेळाडू पार मागं होता. पण आमचा दीपक, उजवीकडचा बचाव सांभाळणारा, समीरसोबत सहा हंगाम खेळलेला, एकदम ओरडला, “अडवा त्येला!” आणि जीव तोडून त्या मोकळ्या जागेकडं धावला. त्याच्यामागं आमचा दुसराही बचाववाला धावला. दोघं मिळून कुणीच नसलेल्या जागी कुणाला तरी अडवायला लागले. दीपकनं तर हात पसरून एका बाजूनं अंग टाकलं, समोर माणूस असल्यावर टाकावं तसं. मधला रस्ता रिकामा पडला. इंद्या त्या रस्त्यानं चालत गेल्यासारखा गेला आणि गोल केला.

मग हौदगल्लीचे फटाके. इंद्यानं हात वर केले नाहीत. तो डावीकडं बघत उभा होता.

अण्णांनी माझा दंड धरला. “मामा, आपली पोरं कुणाला आडवायला गेलती?”

मॅच संपल्यावर दीपक पायऱ्यांवर बसला होता. मी पाणी दिलं. तो म्हणाला, “मला दिसलं न्हाय काय. पण श्वास ऐकला, मामा. शेजारनं पळताना. समऱ्याचा श्वास मी झोपेत वळखीन.”

त्या संध्याकाळी मी अण्णांना वखारीत गाठून पहिल्या फोटोचं सगळं सांगितलं. ते चिडतील असं वाटलं होतं. ते लाकडाच्या ओंडक्यावर बसून राहिले. “त्या दिवशी का न्हाई बोललासा?” एवढंच विचारलं.

इंद्यानं त्या मॅचनंतर फुटबॉल सोडला. कबनूरला मामाच्या यंत्रमागांवर जायला लागला. पुढच्या हंगामाची नोंदणी आली तेव्हा अण्णा म्हणाले, “चला मामा, त्येला आणूया.” आम्ही दोघं गेलो. शेडमध्ये चोवीस माग एकदम चालत होते. ओरडून बोललं तरी ऐकू येईना. इंद्या मागांच्या मधल्या वाटेत उभा होता, तुटलेला धागा जोडत. आम्हाला बघून बाहेर आला.

“एवढ्या आवाजात डोकं उठत नाही का रे?” मी विचारलं.

“बरं वाटतंय, मामा. हितं कुणी हाक मारली तरी ऐकू येत न्हाय.”

अण्णांना कुणाची माफी मागितलेलं मी कधी बघितलं नव्हतं. ते म्हणाले, “इंद्रजित, चुकलं आमचं. परत ये.”

त्यानं हाताला लागलेला कापूस चोळून काढला. “मला वाटलेलं, त्यो माझ्यासंगट येतोय. न्हाय आला. मी हौदगल्लीत गेलो आन् त्यो तुमच्याकडंच राहिला. त्या मॅचला मी बघितलं, तुमच्या बाजूला निस्ता पळतोय, पळतोय, आन् बॉल कोणच देईना. मी मान वळवली तवा तेवढा माझ्याकडं आला. आण्णा, मी येतो. पण त्या जागेवर कुणाला उभं करायचं न्हाय. तिथं माणूस हाय.”

“म्हंजे आपण धा जणांनी खेळायचं?”

“तुमच्या हिशेबानं धा.”

अण्णा म्हणाले, “चालंल.”

मी स्वतःच्या कानांनी ऐकलं म्हणून लिहितोय. ज्या माणसानं एका लंगड्या पायासाठी पोराला दुसऱ्या पेठेला देऊन टाकलं होतं, त्यानं अख्खा संघ एका माणसानं कमी करायला क्षणाचाही विचार केला नाही.

हंगामाची पहिली मॅच. चिंचगल्ली मैदानात दहा जणांनिशी उतरली. नियमानं चालतं तसं. पब्लिक आधी हसलं, मग ओरडलं, मग खेळ सुरू झाल्यावर गप्प झालं. इंद्यानं पहिल्याच मिनिटाला डावीकडं बॉल ढकलला. तो रेषेपर्यंत गेला, आणि रेषेच्या आत थांबला. गवत ओलं होतं, असं नंतर कुणीकुणी म्हणालं. मी पॅव्हेलियनच्या खाली अण्णांसोबत उभा होतो. मला गवत कोरडं दिसलं.

हाफ टाइमला टेबलावर नोंदी ठेवणारा अधिकारी आमच्याकडं आला. त्या वर्षी नव्यानंच बदलून आलेला, नागपूरकडचा माणूस. त्याला ना पेठा माहीत, ना पोरं. हातात आमचा नावांचा कागद होता.

“साहेब, तुम्ही यात दहाच नावं लिहिली आहेत,” तो जरा चिडूनच म्हणाला. “मैदानात अकरा खेळत आहेत. अकराव्याचं नाव दिल्याशिवाय मला पुढचा खेळ सुरू करता येणार नाही.”

“कुठला अकरावा?” मी विचारलं.

“तो डावीकडचा,” त्यानं कागदावरून मान वर न करता सांगितलं.

अण्णांनी त्याच्या हातातून कागद घेतला, पेन घेतलं, कागद माझ्या पाठीवर टेकवला आणि दहा नावांखाली सावकाश लिहिलं. पेनाचं टोक मला शर्टातून जाणवत होतं. अक्षर न् अक्षर कळत होतं. समीर मुजावर.